मेहरे मॅडमचा हर्रास

सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढे या मजकुरात ‘टेनेशस’ असा एक इंग्रजी शब्द येणार आहे. टेनेशस म्हणजे चिवट, धरलं ते न सोडणारा. हा शब्द माझ्या मालकीचा नाही. तो शिवानी नावाच्या एका मुलीचा आहे. तिला फोन करून, रीतसर वाक्य ऐकवून, मी तो वापरायची परवानगी घेतली आहे. पहिलं वाक्य तिने नापास केलं, हेही सांगून टाकतो. या माणसाचं डोकं फिरलं आहे, असं तुम्हाला वाटत असेल तर त्यात तुमची चूक नाही. मेहरे मॅडम भेटल्या नसत्या तर मलाही तसंच वाटलं असतं.

मेहरे मॅडम अमरावतीच्या आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या आणि मी गणित. दोघंही अकोल्याचे, त्यामुळे रोजचं अपडाऊन. सकाळच्या गाडीने अकोला ते बडनेरा, तिथून ऑटोत कोंबून अमरावती, आणि संध्याकाळी हाच सगळा प्रकार उलटा. पहिल्या दिवशी मी डब्यात शिरलो तेव्हा खिडकीशी एक ठेंगणी, सावळी बाई पाय वर घेऊन बसली होती. मांडीवर डबा आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा. समोर बँकेतले राऊत, झेडपीतले दोन बाबू आणि एक नर्सबाई असे सगळे तिच्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं कोणाला तरी चक्कर आली असावी.

“कॅटॅस्ट्रॉफी!” बाई ओरडल्या. “मोठं संकट. सत्यानास. बोला, कोन घेते?”

झेडपीतल्या एका बाबूने पुराचं काहीतरी वाक्य टाकलं. बाईंनी हात झटकला. “हे पेपरातलं हाये. तुमच्या घरचं सांगा.”

मग राऊत खाकरले. “माय ब्रदर-इन-लॉ केम फॉर टू डेज. कॅटॅस्ट्रॉफी केम विथ लगेज.”

डबा हसला. बाईंनी बोट वर केलं. “एक बार, दोन बार, तीन बार! कॅटॅस्ट्रॉफी राऊतसाहेबाची.” आणि राऊतसाहेब, एरवी कर्जाचे अर्ज परत पाठवणारा कडक माणूस, नवा सदरा मिळाल्यासारखे लाजले.

हाच मॅडमचा हर्रास. लिलाव म्हटलं की सरकारी वाटतं, हर्रास म्हटलं की मंडी डोळ्यासमोर येते. मॅडमचा जन्म अकोल्याजवळच्या माळ्याच्या घरचा. वडील मंडीत भाजी नेत आणि ही पोरगी वांग्याच्या ढिगाशेजारी बसून भाव ऐके. पुढे इंग्रजीत एम.ए. झाल्या तरी कान मंडीतलेच राहिले. शब्दांच्या याद्या पाठ करणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग. त्या म्हणत, “यादी पाठ करनं मंजे दुसऱ्याच्या वावरातली झाडं मोजनं. मोजून घरी काय नेशीन? कप्पाळ?”

हर्रासाचे नियम पक्के होते. रोज एक शब्द. मूर्तिजापूर स्टेशन सुटलं की सुरू आणि कुरूम यायच्या आत संपला पाहिजे; सकाळी राहून गेला तर संध्याकाळी परतीच्या गाडीत. बोली पैशाची नाही, वाक्याची. ज्याचं वाक्य सर्वात खरं, शब्द त्याचा. मग दुसऱ्या कोणाला तो बोलण्यात वापरायचा असेल तर मालकाकडे जायचं, आपलं वाक्य ऐकवायचं आणि परवानगी घ्यायची. मालक आला नसेल तर त्या दिवशी शब्द बंद. माल विकणाऱ्याने स्वतः माल घ्यायचा नाही, हा त्यांच्या बाबांचा नियम होता. त्यामुळे एवढे शब्द वाटूनही मॅडमच्या नावावर एकसुद्धा नव्हता. बोलताना त्या साधं सोपं इंग्रजी बोलत आणि मोठा शब्द लागला तर आम्हालाच विचारून घेत.

हे सगळं बिनडोक वाटतं खरं. पण मालकाला शब्द विसरायची सोय उरत नसे, कारण कोणी ना कोणी रोज मागायला येई. आणि मागणाऱ्याला वाक्य तयार करूनच यावं लागे. माझा ‘रिलक्टंट’ मी असाच मिळवला. रिलक्टंट म्हणजे मनातून नाखूश, पाय न निघणारा. माझं वाक्य होतं, “ऑन मंडे आय ॲम रिलक्टंट, बट धिस ट्रेन इज मोर रिलक्टंट.” गाडी तेव्हा सिग्नलला अर्धा तास उभी होती. मॅडम म्हणाल्या, “गनिताच्या मास्तराले बी अक्कल असते मंजे.” ही त्यांच्याकडची मला मिळालेली सर्वात मोठी शाबासकी.

एकदा एक नवा टीसी आमच्या डब्यात आला. हर्रास बघून तिकिटं तपासायचं विसरला आणि काठावर टेकला. त्या दिवशी शब्द होता ‘मेटिक्युलस’, म्हणजे बारीकसारीक गोष्टही नजरेतून न सुटणारा. त्याने आईवर वाक्य टाकलं, की माझी आई तांदूळ इतके मेटिक्युलस निवडते की शेवटी तांदूळच उरत नाही. शब्द त्याला गेला. दुसऱ्या दिवशी गडी आला तो थेट मॅडमसमोर उभा. पास दाखवा म्हणाला. मॅडमचा पास संपला होता. आम्ही सगळे मध्ये पडलो, त्याला कालच्या हर्रासाची आठवण करून दिली. तो घाम पुसत म्हणाला, “मॅडम, आय ॲम मेटिक्युलस.” मॅडमनी हसत हसत दंड भरला. पावती आम्हाला दाखवत पुढचे कित्येक दिवस सांगत होत्या, “पाहा! असा वापरू लागते शब्द. नाईतं तुमी. घेता न् घरी नेऊन ठेवता.”

मोठ्या शब्दांची हाव मात्र त्यांना चालत नसे. एका वाक्यात एकच जड शब्द, हा कायदा. कोणी दोन टाकले की लगेच, “भाजीत मीठ असते भौ, मिठात भाजी नसते.” आमच्या संस्थेचे अध्यक्ष प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘बेसिकली’ने आणि शेवट ‘ॲक्च्युअली’ने करत. त्यांचं भाषण सुरू झालं की मॅडम माझ्या कानाशी पुटपुटत, “मिठाचं पोतं फुटलं पाहा.” मी एकदा हसलो आणि अध्यक्षांनी मला कारण विचारलं. मॅडम निर्विकार चेहऱ्याने समोर बघत राहिल्या.

वर्गातही हाच हर्रास चाले. नववी ब हा त्यांचा जीव. भाजीवाल्यांची, शेतकऱ्यांची, ऑटोवाल्यांची पोरं. घरात इंग्रजी फक्त शाम्पूच्या पुडीवर. पण मधल्या सुट्टीत व्हरांड्यात जावं तर, “वैभव, तुहा ‘ॲब्सर्ड’ दे नं,” “आधी वाक्य सांग,” असे सौदे चाललेले. शिवानी त्यातलीच, बडनेऱ्याकडे तिच्या बापाची फुलांची आणि भाजीची शेती. टेनेशस तिने मिळवला तो हरळीवर. “हरळी इज टेनेशस. माय फादर पुल्स इट, इट कम्स अगेन. माय फादर पुल्स अगेन. ही इज ऑल्सो टेनेशस.” सारा वर्ग तेव्हा बापाच्या बाजूने टाळ्या वाजवत होता.

फेब्रुवारीअखेर मॅडम रिटायर होणार होत्या. त्यांची इच्छा एकच होती. शेवटच्या दिवसापर्यंत नववी ब आपल्याकडे असावी. “हातात खडू असतानीच घरी जाईन,” त्या म्हणायच्या. सत्कार, शाल, नारळ यात त्यांना कवडीचा रस नव्हता.

अध्यक्षांना मात्र दिवाळीनंतर वेगळंच स्वप्न पडलं. शाळेत ‘ॲडव्हान्स व्होकॅब्युलरी प्रोग्राम’ आणायचा. पुण्याहून निनाद नावाचा एक तरुण ट्रेनर आणला. गोरा, देखणा, बूट इतके चकचकीत की पोरं त्यात तोंड बघत. मॅडमचा उच्चार गावठी, असं कमिटीत कोणीतरी म्हणालं होतं. पण एकदम वर्ग काढून घेणं बरं दिसत नाही. म्हणून ठरलं की कमिटी नववी बमध्ये येईल, ट्रेनर पोरांना प्रश्न विचारेल, उत्तरं आली तर वर्ग मॅडमकडेच राहील.

मॅडम निर्धास्त होत्या. गाडीत मला म्हणाल्या, “माही पोरं उभ्या कमिटीले विकून येतीन.”

त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसलो होतो. अध्यक्षांना पुढे कुठल्यातरी सभामंडपाच्या भूमिपूजनाला जायचं होतं, सारखे घड्याळ बघत होते. निनाद सरांनी पडद्यावर चित्र लावलं. एक मुलगा दोर धरून डोंगर चढतो आहे, घसरतो आहे, दोर सोडत नाही. खाली वाक्य आणि वाक्यात गाळलेली जागा. ते म्हणाले, “इट्स अ डिफिकल्ट वन. ही नेव्हर लेट्स गो. ही इज…?”

चाळीस तोंडं एकदम उघडली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. चेहरे उजळले, काहींचे हात अर्ध्यावर आले. आणि मग सगळ्यांनी एकदम शिवानीच्या बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा होता. शिवानी नांदगाव खंडेश्वरला मावशीच्या लग्नाला गेली होती. चाळीस तोंडं मिटली.

“एनीवन?” निनाद सर म्हणाले.

वैभव उभा राहिला. “सर, आज शिवानी आली नाई.”

“शिवानीचा काय संबंध?” अध्यक्ष गरजले. “बेसिकली, तुला उत्तर येतं का?”

“येते नं सर.”

“मग सांग.”

वैभवने मॅडमकडे पाहिलं. सगळ्या वर्गानेच मॅडमकडे पाहिलं. त्यांना काही बोलायची गरज नव्हती. नुसती मान हलवली असती तरी चाळीस जणांनी छप्पर उडवलं असतं. लेखी परीक्षेत सगळे शब्द सगळ्यांना खुले, अशी सूट मॅडमनी नियमात आधीच ठेवली होती. कमिटीला सूट द्यायचं मात्र त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. मॅडम फळ्याजवळ उभ्या होत्या, दोन्ही हात पदरात गुंडाळून. मी मागून मनातल्या मनात ओरडत होतो, हलवा हो मान. त्यांनी नाही हलवली.

वैभव खाली बसला. अध्यक्ष उठले आणि निघता निघता म्हणाले, “मॅडम, एक शब्द नाही आला हो पोरांना, ॲक्च्युअली.”

मी मागोमाग धावत जाऊन त्यांना हर्रासाचा प्रकार समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की गणिताचा ट्रेनरही मागवावा की काय. दुसऱ्या दिवसापासून नववी ब निनाद सरांकडे गेली. मॅडमना मिळालं ग्रंथालय. म्हणजे तीन कपाटं आणि त्यातलं एक, किल्ली हरवल्यामुळे कायमचं बंद.

संध्याकाळच्या गाडीत त्या दिवशी हर्रास झाला नाही. मूर्तिजापूर मागे गेल्यावर मी विचारलंच, “मॅडम, नुसती मान हलवली असती तर?”

“अन् उद्या पोरगी आली असती, तिनं इचारलं असतं, मॅडम माहा शब्द कोनाले देल्ला, तं काय सांगू? कमिटी आली होती म्हनून?” त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “सर, त्या पोरीच्या घरी तिच्या नावावर काई नाई. ना वावर, ना घर. एक शब्द हाये. तो बी मीच द्यावा काय उचलून?”

मला फार वाईट वाटत होतं, आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त वाटत होतं. त्या नववी बवरून जाताना चाल मंद करत, हे सगळ्या शाळेला दिसे. पोरं ग्रंथालयात घुसली की मात्र झाडून हाकलत. “माहा तास नाई हा. जा, तुमचे सर वाट पाहून राहिले.”

निनाद सरांची अवस्था त्याहून बिकट होती. एकही शब्द वर्गात चालेना. ‘ॲब्सर्ड’ म्हणा, तर पोरं म्हणत, “सर, तो वैभवचा हाये, त्याले इचारा.” विचारावं तर वैभव म्हणे, “वाक्य सांगा.” पुण्याच्या ट्रेनरला नववीतला पोरगा वाक्य मागतो, हे त्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये कुठेच नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी ते आमच्याबरोबर बडनेऱ्याला गाडीत चढले.

“मॅडम, मला तुमची मदत हवी होती. कोणता शब्द कोणाचा, याची काही लिस्ट मिळेल का?”

“बसा,” मॅडम म्हणाल्या. “आधी हर्रासात बसा.”

शब्द निघाला ‘इनएव्हिटेबल’, म्हणजे अटळ. निनाद सरांनी टाय सैल केला आणि म्हणाले, “चेंज इज इनएव्हिटेबल.”

“हे तं भिंतीवर लिहून असते,” नर्सबाई म्हणाल्या.

राऊत म्हणाले, “इन माय हाऊस, वांगं इज इनएव्हिटेबल.”

तीन बार झालं. शब्द वांग्यासकट राऊतांकडे गेला. निनाद सर आधी गोंधळले, मग खो खो हसत सुटले. पुण्याहून आल्यापासून ते बहुधा पहिल्यांदाच हसत असावेत. मॅडमनी त्यांना डब्यातली चटणी-भाकर दिली आणि म्हणाल्या, “लिस्ट-गिस्ट काई नाई बाबा. वर्गात जा, पोरांसमोर उभा राहा, अन् माग. मास्तरानं मागितलेलं पोराले लय आवडते.”

हा निनाद पोरगा गुणी निघाला. दुसऱ्या दिवशी त्याने वैभवसमोर वाक्य म्हटलं, नापास झाला, दुसरं म्हटलं. त्यानंतर वर्ग सुरळीत चालू लागला. त्याने अध्यक्षांना जाऊन सांगितलंही, की हा वर्ग मॅडमनाच परत द्या. अध्यक्ष म्हणाले, ठराव झाला आहे.

सगळ्या वर्गात एकच शब्द बंद राहिला. शिवानी लग्नाहून परतली, तिला घडलेलं कळलं आणि त्यानंतर ती इंग्रजीच्या तासाला तोंडच उघडेना. कोणी टेनेशस मागायला गेलं की रडायची. मॅडम दिसल्या की जिना बदलायची. मॅडमनी दोनदा निरोप पाठवला, ती आली नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी शाल-नारळ झालं. अध्यक्षांनी मिठाचं पोतं रिकामं केलं. संध्याकाळी बडनेऱ्याला गाडी लागली होती, आम्ही नेहमीच्या जागी बसलो होतो, तेवढ्यात फलाटावरून शिवानी पळत आली. मागे तिचे वडील, हातात शेवंतीचा एवढा मोठा भारा. तिने खिडकीचे गज धरले आणि धापा टाकत म्हणाली, “मॅडम, माह्यामुळं तुमचा वर्ग गेला.”

“वर्ग कमिटीमुळं गेला. तू लग्नात जेवली काय पोटभर?”

“मॅडम, माहा शब्द तुमी घ्या. मले नाई पाह्यजे.”

“मी घेत नाई. हर्रास करनाऱ्यानं माल घेऊ नये.”

“मंग आता कायचा नियम?” पोरगी म्हणाली. “तुमी तं रिटायर झाल्या.”

इतक्या वर्षांत मॅडमना गप्प करणारी ही पहिलीच. राऊत उठून उभे राहिले. “बरोबर बोलून राहिली पोरगी. हर्रास मी करतो. टेनेशस! बोला मॅडम.”

मॅडमनी चष्मा वर सरकवला. “द कमिटी इज नॉट टेनेशस. इट इज ओन्ली सिटिंग.”

डबा हसून लोटपोट झाला. शिवानीचे वडील, इंग्रजी येत नसूनही, सगळे हसतात म्हणून हसले. राऊतांनी बोट वर केलं. “एक बार, दोन बार…”

“थांबा,” शिवानी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता. “माय मॅडम लॉस्ट हर क्लास. शी डिड नॉट गिव्ह माय वर्ड. माय मॅडम इज टेनेशस.”

कोणी हसलं नाही. राऊतांच्या तोंडून बार निघेना. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, आम्ही सगळ्यांनी पाहिलं, अगदी त्या दिवशी वर्गाने पाहिलं होतं तसं. कमिटीसमोर जी मान हलली नव्हती, ती हलली. “तिचाच हाये,” मॅडम म्हणाल्या. “एक बार. दोन बार.” आणि गाडीने झटका दिला तेव्हा ‘तीन बार’ आख्ख्या डब्याने म्हटलं. शेवंतीचा भारा शिवानीच्या वडिलांनी दारातून माझ्या अंगावर टाकला. पोरगी फलाट संपेपर्यंत गाडीबरोबर पळत होती, आणि मॅडम खिडकीतून ओरडत होत्या, “कोनालेबी फुकट देऊ नको! वाक्य माग!”

मूर्तिजापूर आलं, गेलं. अकोला आलं तसे सगळे उठले. मॅडम पाय वर घेऊन तशाच बसून राहिल्या.

“गावंडे सर,” त्या मला म्हणाल्या, “तुमचा शब्द वापरू काय जरा?”

“वाक्य सांगा,” मी म्हणालो. नियम तो नियम.

“टुडे आय ॲम रिलक्टंट टू गेट डाऊन.”

मी परवानगी दिली. त्या उठल्या, शेवंतीचा भारा भाजीच्या टोपलीसारखा कमरेवर घेतला आणि उतरल्या. जिन्याशी दोन बायकांनी फुलांचा भाव विचारला, त्यांच्याशी काहीतरी हुज्जत घालताना त्या मला शेवटच्या दिसल्या.